आजोबांचे मोडी कागद

प्रश्न : ताई, आजोबांच्या ट्रंकेत जमिनीची मोडी खरेदीखतं सापडली. शिकायला बसले, पण मुळाक्षरं, जोडाक्षरं, शिवकालीन-पेशवेकालीन वळणं, फारसी शब्द, सुहूर सन ही जुनी कालगणना... सगळं एकदम अंगावर येतं. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शिवकाल आणि पेशवाई सध्या बाजूला ठेवा. आजोबांचे कागद बहुधा इंग्रजी अमदानीतले असणार. तेवढं एकच वळण धरा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, तेवढं ओझं कमीच झालं. त्रास होतो तो शब्द न तोडता सलग लिहिल्याचा. म्हणून अक्षर न् अक्षर लावत बसू नका, ओळखीचा शब्द हुडका. खरेदीखतात चतुःसीमा असतेच : पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. चारही शब्द ‘एस’वर संपतात. त्या कारकुनाचा ‘स’ एकदा डोळ्यांत बसला की मागची अक्षरं उलगडायला लागतात. मग गावाचं नाव, तुमचं आडनाव शोधा. मला तर ही चतुःसीमा कुठल्याही तक्त्यापेक्षा मोलाची वाटते. फारसी शब्द अडला तर वहीत टिपून पुढे चला. एक दस्त पुरता लागेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. आणि कृपा करून ते कागद लॅमिनेट करू नका, मोबाइलवर फोटो काढून वाचा.