मुंबईहून जैसलमेरला गाडीने जाताना वाटेतले पाहण्याजोगे थांबे कसे ठरवावेत?

तुम्ही लिहिले आहे की डिसेंबरच्या अखेरीस आईवडिलांना घेऊन ठाण्याहून जैसलमेरला स्वतःच्या गाडीने जायचे आहे, वाटेतल्या निसर्गरम्य ठिकाणांची सोळा नावांची यादी तयार आहे, आणि ती जाण्यायेण्याच्या सहा दिवसांत कशी बसवावी हे तुम्हाला हवे आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की ती बसवण्याच्या खटपटीत पडू नका. त्यातली निम्मी नावे आजच खोडा आणि उरलेल्यांतलीही दोन-तीन वडिलांना खोडू द्या.

कारण अगदी साधे आहे. वाळवंट भर दुपारी सपाट दिसते. वाऱ्याने वाळूवर उमटवलेल्या लहरी डोळ्यांना दिसतात त्या त्यांच्या सावल्यांमुळे, आणि सूर्य वर चढला की त्या सावल्या पुसल्या जातात. मग जी टेकडी सकाळी पाहताना पाय निघत नव्हता तीच दुपारी एक पिवळट ढिगारा वाटते. डिसेंबरच्या शेवटी जैसलमेरला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवसाचे दोनच तुकडे खऱ्या अर्थाने पाहण्याचे असतात, उगवतीनंतरचा तास-दीड तास आणि मावळतीआधीचा तेवढाच. मधल्या वेळात गाडी चालवावी, जेवावे, डोळे मिटून बसावे. उजेडावर अवलंबून असलेले दिवसाला दोन थांबे यापेक्षा अधिक हिशेब मला मान्य नाही, आणि हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही.

२०१८ च्या डिसेंबरात मी, दादा, वहिनी आणि बाबा असे चौघे मुलुंडहून निघालो. यादी दादाने केली होती. प्रत्येक ठिकाणापुढे पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ आणि अंतर लिहिलेले होते, आणि तिच्यावर त्याने महिनाभर मेहनत घेतली होती हे मी नाकारत नाही. बाबांनी मात्र त्या यादीत काहीच सुचवले नव्हते. त्यांनी तीस वर्षे मुंबईतल्या शाळांत भूगोल शिकवला होता, आणि राजस्थानचा नकाशा ते फळ्यावर पुस्तक न उघडता काढत. अरवली काढून झाली की तिच्या पश्चिमेकडून एक रेघ नैऋत्येला उतरवत आणि ती कच्छच्या रणात सोडून देत. ती लुनी. अजमेरजवळ उगम पावणारी, बालोतऱ्यापर्यंत गोडी आणि तिथून पुढे खारी होत जाणारी, सुमारे ४९५ किलोमीटर वाहून समुद्रापर्यंत न पोहोचताच रणाच्या दलदलीत संपणारी नदी. मी स्वतः त्यांच्या वर्गात बसले आहे. कोकणच्या नद्या पाहिलेल्या मुलांना नदी समुद्राला मिळत नाही हे पटवताना त्यांना फार आनंद होत असे.

पहिली रात्र पालनपूरला काढून दुसऱ्या दिवशी आम्ही सांचोरमार्गे बाडमेरकडे निघालो. सांचोर मागे पडल्यावर गांधव गावापाशी रस्ता लुनी ओलांडतो. पूल दिसताच बाबा पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "अरे, ही लुनी. जरा थांबव, मला खाली उतरायचे आहे." दादाने घड्याळ पाहिले. "बाबा, हा थांबा यादीत नाही. इथे थांबलो तर सूर्यास्त चुकेल. परतताना थांबू." बाबा मागे टेकून बसले आणि पूल संपेपर्यंत काचेतून खाली पाहत राहिले. कोरडे, रुंद, कडेने पांढरे पडलेले पात्र होते. मीही तेव्हा काही बोलले नाही, आणि ते मला आजही लागते.

त्या दिवसाचा उरलेला वेळ यादीप्रमाणे गेला. बाडमेरहून पस्तीस किलोमीटर पश्चिमेला किराडूची मंदिरे आहेत. तिथे जाऊन येण्यात सत्तर किलोमीटर आणि दुपारची वेळ गेली, आणि प्रत्यक्ष मंदिरांना मिळाली वीस मिनिटे. अकलचे जीवाश्म उद्यान गाठले तेव्हा सव्वापाच होत आले होते. तिथून जैसलमेर ओलांडून समच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत सुमारे साठ किलोमीटर पडतात, त्यामुळे साडेसहाला आम्ही तिथे उतरलो तेव्हा पश्चिमेला एक तांबूस पट्टा उरला होता आणि वाळू काळी दिसत होती. ज्या सूर्यास्तासाठी लुनी सोडली तो सूर्यास्त आम्हाला मिळाला नाही. परतताना आम्ही जोधपूरमार्गे आलो, कारण यादीत तसे होते, त्यामुळे "परतताना थांबू" हा शब्दही राहून गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात बाबा गेले.

दादाचे म्हणणे आजही असे असते की चूक यादीची नव्हती, आम्ही पालनपूरहून उशिरा निघालो ही होती. मला ते मुळीच पटत नाही. जी यादी एका तासाच्या उशिराने कोलमडते आणि गाडीतल्या सर्वांत वयस्कर माणसाची एक इच्छा सामावू शकत नाही, ती कितीही नेटकी दिसली तरी चुकीचीच असते. हे उत्तर मी त्यालाही पाठवणार आहे.

२०२२ मध्ये मी पतीसह पुन्हा गेले, आणि त्या अनुभवावरून तुमच्या यादीतले मी काय ठेवीन ते सांगते. पहिला मुक्काम अहमदाबादला, दुसरा सांचोरला. त्या दुसऱ्या दिवशी वाकडी वाट करून पाटणची राणी की वाव पाहता येते. शंभराच्या नव्या नोटेवर तीच आहे, आणि विहीर असल्याने तिथे दुपारचे ऊनही अडचणीचे ठरत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही गांधवला होतो. किराडू गाळावे. मंदिरांचे कोरीवकाम असे आहे की अर्धा दिवस द्यायची तयारी असेल तरच तिथे जावे, वीस मिनिटांसाठी जाणे हा त्यांचा अपमान आहे. अकल मात्र दुपारसाठी उत्तम आहे. तिथले सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे, दगड झालेले ओंडके कोणत्याही उजेडात तितकेच थक्क करतात, आणि आज जिथे खेजडीचे झाडसुद्धा विरळ दिसते तिथे एके काळी घनदाट अरण्य होते हे त्या माळावर उभे राहूनच पटते. संध्याकाळसाठी सम किंवा खुडी (तिथेही वाळूच्या टेकड्याच आहेत) यांपैकी एकच निवडा. आईवडील गोंगाटाला कंटाळणारे असतील तर खुडी. दुसऱ्या दिवशीची सकाळ बडा बागेतल्या छत्र्यांसाठी, म्हणजे राजांच्या दगडी स्मारकांसाठी, राखावी. पिवळ्या दगडावर कोवळे ऊन पडते तेव्हा जैसलमेरला सोनेरी का म्हणतात ते किल्ल्यापेक्षा तिथे अधिक कळते.

तनोट आणि लोंगेवाला ही सीमेजवळची युद्धस्थळे तुमच्या यादीत निसर्गरम्य म्हणून आले आहेत. जैसलमेरहून तनोट सुमारे १२० किलोमीटर आहे आणि जाऊन येण्यात सबंध दिवस जातो. १९७१ चे युद्ध ज्यांच्या आठवणीत आहे अशा आईवडिलांना तिथे जरूर न्या, पण मग त्या दिवशी दुसरे काही ठेवू नका. परतीला फलोदीजवळच्या खीचन गावी सकाळी थांबा. हिवाळ्यात तिथे हजारो कुरजा, म्हणजे आपण ज्यांना करकोचे म्हणतो ते, गावकऱ्यांनी टाकलेले दाणे टिपायला उतरतात. याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदवले गेले होते, तेव्हा हा प्रवास उन्हाळ्यात ढकलण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या.

दादाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मुक्कामाच्या खोल्या त्याने आधी राखून ठेवल्या होत्या म्हणूनच नाताळच्या गर्दीत आम्हाला छप्पर मिळाले. थांबे मोकळे ठेवावेत, खोल्या मात्र आधीच पक्क्या कराव्यात. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कारण रस्त्यावर उंट, गायी आणि नीलगायी अचानक समोर येतात. डांबर सोडून वाळूत गाडी घालू नका. रुतलीच तर जोरात रेस न देता चाकांतली हवा कमी करून हळू बाहेर काढा आणि पुढच्या गावात ती पुन्हा भरून घ्या.

आणि गांधवला थांबाल तेव्हा पुलावर थांबू नका, जड वाहने वेगाने येतात. पूल ओलांडून पलीकडे गाडी रस्त्याच्या पुरती बाहेर घ्या आणि पायवाटेने खाली उतरा. पाणी असले तर खारट लागते का हे पाहण्याचा मोह होईल, पण चाखू नका, वरच्या अंगाला कापड रंगवण्याच्या कारखान्यांचे सांडपाणी या नदीत मिसळते. पात्रात उभे राहून नैऋत्येकडे पाहा. मी तिथे अर्धा तास उभी होते. बाबांची फळ्यावरची रेघ त्याच दिशेला जायची.