वाचकांचे प्रश्न : परिसंवाद चालवताना

दिवाळी सरली की मराठवाड्यात संमेलनांचे दिवस सुरू होतात. मराठवाडा साहित्य परिषदेच्या शाखांचे कार्यक्रम, महाविद्यालयांची चर्चासत्रे आणि तालुक्याच्या गावी लोकवर्गणीतून भरणारी संमेलने फेब्रुवारीअखेरपर्यंत चालू राहतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे परिसंवादातील अडचणींविषयी आहेत, म्हणून हे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या तालुका साहित्य संमेलनात ‘मराठवाड्याचे साहित्य : काल, आज आणि उद्या’ या परिसंवादाचे संचालन माझ्याकडे आले आहे. सत्र दीड तासाचे असून चार वक्ते आणि एक अध्यक्ष आहेत. वक्त्यांपैकी एक माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक आहेत. सरांचा व्यासंग मोठा आहे, पण माईक हाती आला की चाळीस मिनिटांच्या आत ते थांबत नाहीत, आणि चिठ्ठी दिली तर ती न वाचताच खिशात ठेवतात. ज्यांच्यासमोर मी आजही उभी राहून बोलते, त्यांना भर सभेत थांबवायचे कसे?
– एक प्राध्यापिका, लातूर जिल्हा

उत्तर : आपली अडचण आदराची आहे. सरांविषयी आदर असावाच. पण चौथ्या क्रमांकावर जी वक्ती बोलणार असते, जी बहुधा व्यासपीठावर सर्वांत तरुण असते आणि जिने महिनाभर खपून टिपण तयार केलेले असते, तिचाही मान त्याच सभेत राखायचा असतो. आणि गावी जाणारी मुक्कामी एसटी साडेपाचला सुटते हे ठाऊक असूनही जे श्रोते शेवटपर्यंत बसण्याच्या इच्छेने आलेले असतात, त्यांचाही. एकाची चाळीस मिनिटे ही दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून गेलेली असतात, आणि ती ज्याच्या वाट्यातून जातात त्याच्यावर पांगलेल्या मांडवासमोर बोलण्याची पाळी येते. हे एकदा मनाशी पक्के झाले की सरांना थांबवणे हा आपल्याला त्यांचा अवमान वाटणार नाही.

तरीही सगळा दोष सरांवर टाकण्याआधी कार्यक्रमपत्रिका समोर घेऊन हिशेब मांडावा. नव्वद मिनिटांचे सत्र पंधरा मिनिटे उशिरा सुरू होते. शाल, श्रीफळ, पुस्तक आणि छायाचित्रे यांसह पाच जणांच्या सत्काराला दहा मिनिटे लागतात. प्रत्येकाच्या परिचयाला तीन मिनिटे धरली तरी पंधरा मिनिटे जातात, आणि अध्यक्षीय समारोपासाठी आणखी पंधरा मिनिटे राखावी लागतात. उरतात पस्तीस मिनिटे, म्हणजे प्रत्येक वक्त्याला नऊसुद्धा नाहीत, आणि निमंत्रणपत्रात मात्र ‘पंधरा ते वीस मिनिटे’ असे लिहिलेले असते. दोनशे किलोमीटर प्रवास करून आलेल्या माणसाला ऐन वेळी ‘आटोपते घ्या’ म्हणणे हा संयोजनाचा दोष आहे. म्हणून संयोजकांना आजच भेटून सर्व पाहुण्यांचे सत्कार उद्घाटनाच्या वेळी एकत्र उरकावेत, परिचय पत्रिकेतच छापावेत आणि वक्त्यांना मिळणारी खरी वेळ लेखी कळवावी, एवढे मान्य करून घ्यावे.

दुसरी अडचण विषयातच आहे. ‘काल, आज आणि उद्या’ असा विषय दिला की प्रत्येक वक्ता अंबाजोगाईच्या मुकुंदराजांपासून निघतो, पैठणला नाथांपाशी थांबतो, आणि निजामी राजवटीतील मराठीच्या कोंडीपर्यंत येतो तोच त्याची वेळ संपलेली असते. चार वक्त्यांनी हाच प्रवास चार वेळा केला की श्रोत्यांच्या हाती काय लागणार? व्यासंगी माणसाला इतका ऐसपैस विषय देणे म्हणजे लांबण्याचे आमंत्रणच होय. बी. रघुनाथांच्या कथेत निजामकाळातील गाव कसे दिसते, किंवा दुष्काळावरील आजच्या कथा-कवितेत ऊसतोडीला गेलेल्या बाईचे श्रम कितपत उतरले आहेत, असा अरुंद विषय घेतला तर वक्त्याला थेट मुद्द्यावर यावे लागते, आणि तो भरकटला तर संचालकाला विषयाकडे बोट दाखवता येते. पत्रिका छापून झाली असेल तर छापील विषय तसाच ठेवून प्रत्येक वक्त्याला त्यातला एकेक भाग वाटून द्यावा.

मग किमान आठवडाभर आधी चौघांनाही स्वतः फोन करावा. व्हॉट्सॲपवरच्या निरोपाने हे काम होत नाही. सरांशी बोलताना वेळेचा विषय तक्रारीच्या सुरात न काढता तो सर्वांना समान नियम म्हणून सांगावा : पहिल्या फेरीत प्रत्येकाला आठ मिनिटे, नंतर संचालकाचे प्रश्न, नंतर श्रोत्यांचे. “सर, आपल्याला कोणता प्रश्न विचारलेला आवडेल?” असे आवर्जून विचारावे. बोलायला दुसरी संधी नक्की मिळणार आहे असा विश्वास वाटला की पहिल्याच संधीत सारे सांगून टाकण्याची घाई पुष्कळांच्या बाबतीत कमी होते. न थांबणाऱ्या अनेक वक्त्यांच्या मुळाशी मला ही धास्ती दिसते : आपले महत्त्वाचे राहून जाईल आणि पुन्हा कोणी विचारणार नाही. चारही वक्त्यांचे निदान एकेक पुस्तक संचालकाने वाचलेले असावे, हे वेगळे सांगायला नको.

व्यासपीठाची मांडणीही आपल्या हातात असते. पोडियमपाशी उभा राहिलेला माणूस भाषण करतो आणि खुर्चीत बसलेला माणूस बोलतो, म्हणून पोडियम बाजूला ठेवण्याची विनंती करावी आणि टेबलावर माईक मागावेत. एकच बिनतारी माईक असेल तर तो आपल्याकडे ठेवून पाळीपाळीने द्यावा. आपण टोकाच्या खुर्चीवर बसावे, म्हणजे सर्वांचे चेहरे दिसतात, आणि सरांची खुर्ची आपल्या लगत ठेवावी, म्हणजे किंचित पुढे झुकले तरी त्यांना कळते. बोलण्याच्या क्रमात त्यांना पहिले किंवा शेवटचे स्थान देऊ नये. वेळेचा नियम सत्राच्या आरंभी श्रोत्यांसमोर जाहीर करावा, आणि पहिल्या रांगेत एका विद्यार्थ्याला ‘दोन मिनिटे’ आणि ‘वेळ पूर्ण’ असे मोठ्या अक्षरांतले फलक देऊन बसवावे. चिठ्ठी खिशात जाते. साऱ्या सभेला दिसणारा फलक दुर्लक्षित करणे अवघड असते.

एवढे करूनही सर थांबले नाहीत, तर वाक्याच्या शेवटी जो श्वास घेतला जातो तेथे बोलावे आणि त्यांच्याच शेवटच्या मुद्द्याचा धागा उचलावा : “सर, आपण आता बोलीच्या वापराविषयी जे म्हणालात, त्याबद्दल ताईंचा अनुभव वेगळा आहे. तो ऐकू या, आणि मग आपण त्यावर बोलावे.” यात त्यांच्या विचाराला किंमत दिली जाते आणि पाळीही बदलते. ‘वेळेअभावी’ हा कोरडा शब्द वापरू नये. पहिल्या वेळी ते ऐकतीलच असे नाही. दुसऱ्या वेळी तेच शब्द थोड्या स्पष्ट आवाजात उच्चारावेत आणि लगेच पुढच्या वक्त्याचे नाव घेऊन त्याला प्रश्न विचारावा. नाव घेतले गेले आणि सभेची नजर तिकडे वळली की बोलत राहणे कोणालाही जड जाते. आवाज चढवू नये, हसून वेळ मारून नेऊ नये आणि ध्वनिक्षेपकवाल्याला खूण करून माईक कधीही बंद करवू नये, कारण तो अपमान ठरतो आणि सभा त्यानंतर त्याच एका गोष्टीची चर्चा करत राहते.

प्रश्न : आमच्या संमेलनात एक कादंबरीकार आणि त्यांच्या कादंबरीवर अतिशय कठोर लिहिणारे एक समीक्षक एकाच परिसंवादात येत आहेत. गावात त्याची चर्चा सुरू झाली आहे. एकाला वगळावे काय?
– एक संयोजक, जालना जिल्हा

उत्तर : वगळू नये. वाचक ज्यासाठी येतात तो खरा मतभेद आपल्या व्यासपीठावर चालून आला आहे. मात्र दुसरा वक्ता कोण आहे हे दोघांनाही आधी कळवावे आणि दोघांचा होकार घ्यावा, कारण अचानक समोरासमोर आणले गेल्याचा राग विचारांना जागा ठेवत नाही. संचालकाने त्या कादंबरीतील एक-दोन उतारे निवडून सभेत वाचून दाखवावेत आणि दोघांनाही त्या उताऱ्यांविषयीच प्रश्न विचारावेत. समोर मजकूर असला की वाद मजकुरावर टिकतो. दोघांच्या मध्ये तिसरा वक्ता बसवावा आणि त्यालाही त्या कादंबरीची तयारी करून यायला सांगावे.

बोलणे जातीवर, घरादारावर किंवा कोणाला कोणता पुरस्कार कसा मिळाला यावर घसरले, तर त्याच क्षणी हस्तक्षेप करणे हे संचालकाचे कर्तव्य आहे. अशा वेळी दोन मिनिटांचा संकोचही फार महाग पडतो. “हे विधान लेखनाविषयी नाही, व्यक्तीविषयी आहे, त्यामुळे ते मी चर्चेत घेत नाही,” असे शांतपणे सांगावे. ज्याच्यावर शब्द आले त्याला एक मिनिट उत्तराची संधी मात्र द्यावी. काही संयोजक दोघांनाही गप्प करून पुढे जातात. ते मला न्याय्य वाटत नाही, कारण शेवटी बोललेला आरोप तसाच सभेच्या कानात राहतो आणि दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळाही तोच होतो.

प्रश्न : प्रश्नोत्तरांच्या वेळी श्रोत्यांतले काही जण प्रश्नाऐवजी स्वतःचे भाषण करतात किंवा कविता म्हणतात. त्यांना कसे आवरावे?
– एक ग्रंथपाल, हिंगोली जिल्हा

उत्तर : प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागवावेत आणि संचालकाने त्यांतले निवडून वाचावेत. वेळ वाचतो, आणि ज्या मुली व बाया माईकसमोर उभ्या राहायला कचरतात त्यांचेही प्रश्न व्यासपीठापर्यंत पोहोचतात. हा दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो. ज्यांना लिहिणे सोयीचे नाही त्यांच्यासाठी माईक घेऊन फिरणारा स्वयंसेवक असावा, पण त्याने माईक हातातून सोडू नये. उन्हाळ्यात ही शिस्त अधिक कसून पाळावी. उदगीरचे ९५वे अखिल भारतीय संमेलन २०२२च्या एप्रिलमध्ये भरले होते. आपल्याकडे त्या दिवसांत दुपारच्या मांडवात बसून राहणाऱ्या श्रोत्याचा वेळ कोणी वाटेल तसा वापरू नये.

प्रश्न : मी शेती करते आणि कथा लिहिते. मला परिसंवादाला बोलावतात, पण प्रश्न एकच असतो : घरकाम आणि रान सांभाळून कसे लिहिता? माझ्या कथांविषयी कोणी विचारत नाही. शेजारचे वक्ते मी बोलत असताना मध्येच माझे वाक्य पूर्ण करतात. मीच हट्टी ठरेन या भीतीने मी गप्प राहते.
– एक कथालेखिका, परभणी जिल्हा

उत्तर : आपण हट्टी ठरणार नाही. व्यासपीठावर खुर्ची द्यायची आणि बोलण्याचा वाटा द्यायचा नाही, हा प्रकार जुना आहे. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारताना महात्मा जोतीराव फुले यांनी जे पत्र लिहिले, त्यात सर्व माणसांचे हक्क मोकळेपणाने मान्य न करणाऱ्यांच्या सभांशी आपला मेळ बसत नाही, असे स्पष्ट म्हटले होते. आपण नकार द्यावा असे मी सुचवत नाही. आपल्या कथा लोकांपर्यंत पोहोचायला हव्यात, म्हणून जावे. पण जाताना काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

निमंत्रण स्वीकारतानाच संचालकाला आपल्या दोन कथांची नावे कळवावीत आणि “माझ्याशी याच कथांविषयी बोलावे,” असे सांगावे. त्यांना कथा मिळाल्या नसतील तर त्यांच्या प्रती पाठवाव्यात. तोच जुना प्रश्न आला तर त्याला एका वाक्यात उत्तर देऊन लगेच कथेकडे वळावे : “लिहायला मी पहाटे बसते. पण ही कथा मी बाईच्या तोंडून न सांगता तिच्या सासऱ्याच्या तोंडून का सांगितली, ते मला इथे सांगायचे आहे.” असा एखादा मुद्दा घरूनच तयार करून न्यावा. कोणी वाक्य पूर्ण करू लागले तर “माझे वाक्य अजून राहिले आहे,” एवढेच म्हणून ते पूर्ण करावे. मानधन आणि प्रवासखर्च इतर वक्त्यांइतकाच आहे का, हेही आधी विचारावे. स्थानिक लेखिकेला केवळ शाल देऊन पाठवण्याची रीत अनेक ठिकाणी चालते आणि ती विचारल्याशिवाय बदलत नाही. आपले सत्र सायंकाळचे असेल तर परतीच्या वाहनाची व्यवस्था संयोजकांनी करावी, असेही निमंत्रणाच्या उत्तरातच लिहून द्यावे.