कुत्रा पाणी पिताना घरभर सांडतो. त्याला नीट प्यायला शिकवता येतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सांडणं कसं थांबवायचं, कुत्र्याला नीट प्यायला शिकवता येतं का, आणि रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवलं तर चालेल का. मी तिसऱ्यापासून सुरू करतो. नका उचलू. आम्ही उचललं होतं, चांगले चार महिने, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

आमचा ढब्बू म्हणजे लॅब्रेडॉर आणि आणखी कशाचं तरी मिश्रण. वजन ३२ किलो आणि वरचे ओठ असे लोंबणारे की दोन्ही बाजूंना खिसे शिवलेत असं वाटावं. पाणी प्यायला की ते खिसे भरायचे आणि स्वयंपाकघरातून निघून पॅसेजमधून माझ्या खोलीपर्यंत येईतो रिकामे व्हायचे. वाटेत कोणी बसलेलं असलं तर त्याच्या मांडीवर. घरातल्या सगळ्यांनी हे मान्य केलं होतं, एक दादा सोडून. दादाचं म्हणणं, हा वळणाचा प्रश्न आहे आणि ते वळण मी लावलेलं नाही. 'लहान मुलाला आपण पेला धरायला शिकवतोच ना?'

मग एका रात्री अडीचच्या सुमारास दादा पाणी प्यायला उठला, दिवा न लावता गेला आणि फ्रिजसमोर सपशेल आडवा झाला. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. फरशीवर पाणी होतं हे खरं, मी स्वतः पुसलं. सकाळी निकाल लागला: रात्री आठनंतर ढब्बूचं भांडं ओट्यावर जाईल आणि पहाटे सहाला खाली येईल. वहिनी एवढंच म्हणाल्या, 'अहो, मुक्या जनावराला तहान लागली तर?' त्यावर दादाने प्लास्टरचा हात थोडा वर केला. विषय संपला. मीही गप्प बसलो. हात मोडलेल्या मोठ्या भावाशी काय वाद घालणार? पण कुत्रा माझा होता, बोलायला मीच हवं होतं.

पहिले काही दिवस ढब्बू रात्री उठून भांड्याच्या जागेवर जाऊन उभा राहायचा. भुंकला नाही, कुईकुई नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून उभा. नंतर तो बाथरूमच्या दाराशी झोपायला लागला आणि दार उघडं राहिलं की ओली फरशी चाटायचा. ज्या फरशीवर आपण फिनाईल ओततो, ती. आणि पहाटे सहाला भांडं खाली ठेवलं की मान वर न करता सगळं एका दमात संपवायचा, ठसकायचा, आणि दहा मिनिटांत त्यातलं निम्मं उलटून टाकायचा. म्हणजे रात्रभरात थेंब थेंब सांडलं असतं ते सकाळी एकदम, तेही पोटात जाऊन आलेलं. तहानलेला कुत्रा घाईने पितो आणि घाईने पिणारा जास्त सांडतो, एवढं कळायला कुणाला तज्ज्ञ व्हावं लागत नाही. आम्हाला वेळ लागला ही गोष्ट वेगळी.

पेल्याच्या मुद्द्याला मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं, ते आता देतो. आपल्याला बंद गाल आहेत. कुत्र्याच्या तोंडाची फट पार दाढांपर्यंत मागे गेलेली असते, त्यामुळे ओठ आवळून पाणी ओढून घेणं त्याला जमतच नाही. तो जीभ मागच्या बाजूला वळवून पाण्यावर आपटतो. बघताना वाटतं, जिभेची पळी करून पाणी उचलतोय. पण २०११ साली हार्वर्डच्या संशोधकांनी पाणी पिणाऱ्या कुत्र्याचं एक्स-रे चित्रीकरण केलं, तेव्हा दिसलं की त्या पळीतलं बहुतेक पाणी पडूनच जातं. मग २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये १९ कुत्र्यांचं पिणं हाय-स्पीड कॅमेऱ्याने टिपलं गेलं. जीभ इतक्या झटक्यात वर ओढली जाते की तिच्यामागे पाण्याचा एक खांब उभा राहतो, आणि तो कोसळायच्या आत कुत्रा त्यावर जबडा मिटतो. आपल्याला ऐकू येतं ते लपलप. मांजरही असाच खांब उभा करते, पण ती जिभेचं टोक पाण्याला हलकेच टेकवते, म्हणून मांजराच्या भांड्याभोवती फरशी कोरडी असते. कुत्रा जीभ आपटतो, आणि कुत्रा जितका मोठा तितकी जास्त जीभ पाण्यात. पाणी उडणारच. त्याला न उडवता पी म्हणणं म्हणजे पाय न उचलता चाल म्हणण्यासारखं आहे.

हे सगळं मी दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'मग हात माझा मोडायचा का?'

तेव्हा मी वजनकाटा काढला. स्वयंपाकघरातला साधा काटा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पाण्याचं सोपं असतं, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. ढब्बू प्यायच्या आधी भांडं १४६० ग्रॅम, नंतर ११८०. म्हणजे २८० गेलं. भांड्याभोवतीचं पाणी मी कोरड्या फडक्याने टिपलं, फडकं २९ ग्रॅमने जड झालं. मग ढब्बूला धरून त्याचं तोंड दुसऱ्या फडक्याने पुसलं, तर ते १९ ग्रॅमने. वहिनी दारात उभं राहून हे सगळं बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी फडकं त्यांनीच वाळवून ठेवलं होतं.

माझं डोकं त्या १९ ग्रॅमवर अडकलं. चार चमचे पाणी, जे भांड्यापाशी सांडलंच नाही, ओठांतून पुढे निघालं. ते जातं कुठे हे बघायला मी रात्री पॅसेजभर रद्दीचे कागद अंथरले. सकाळी कागदावर नकाशाच उमटलेला. (भांडं मी त्या रात्री गुपचूप खाली ठेवलं होतं. दादाला आत्ता हे वाचून कळेल.) भांड्यापासून दारापर्यंत नाण्याएवढे गोल डाग, दोन ओळींत, डाव्या ओठाची एक आणि उजव्याची एक. दाराच्या कोपऱ्यावर, जिथे तो वळताना डोकं झटकतो, तिथे सगळीकडे शिंतोडे. आणि तिथून पुढे माझ्या खोलीपर्यंत जवळजवळ काही नाही.

पण फ्रिजसमोरचा कागद ओला होता आणि त्यावर एकही गोल डाग नव्हता. तो अख्खा खालून भिजला होता, फ्रिजच्या पायापासून सुरू होऊन बाहेरच्या बाजूला पसरत गेलेला. दुसऱ्या रात्री ढब्बूला भांड्यासकट माझ्या खोलीत घेऊन दार लावून झोपलो. सकाळी पॅसेज कोरडा, फ्रिजसमोरचा कागद ओला.

फ्रिज पुढे ओढला. मेकॅनिकला बोलावलं. आत साठलेला बर्फ वितळला की त्याचं पाणी एका बारीक भोकातून मागे, खालच्या ट्रेमध्ये जातं. ते भोक तुंबलं होतं. त्यामुळे पाणी भाजीच्या खणाखाली साठायचं आणि तिथून पुढे जमिनीवर यायचं, सावकाश, रात्रभर. त्याने गरम पाणी सोडून भोक मोकळं केलं. वीस मिनिटांचं काम.

दादा तिथेच उभा होता. म्हणाला, 'आत्ता असेल फ्रिजचं. त्या दिवशी कुत्र्याचंच होतं.' आणि आजही चार माणसं जमली की तो डावं मनगट फिरवून दाखवतो आणि 'ह्याच्या कुत्र्याने' अशी सुरुवात करतो. मी हे उत्तर एवढं लांबलचक का लिहितोय हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आता तुमच्या प्रश्नाचं बघू.

प्यायची पद्धत शिकवता येत नाही. पिऊन झाल्यावर थांबायला शिकवता येतं, आणि खरी गंमत त्यात आहे, कारण घरभर जातं ते ओठांतलं पाणी. ढब्बूने मान वर केली की मी 'थांब' म्हणायचो, टॉवेल हनुवटीखाली धरायचो, दोन्ही ओठ एकेकदा दाबायचो आणि खाऊचा तुकडा द्यायचो. तीन आठवड्यांत तो स्वतःहून टॉवेलसमोर येऊन हनुवटी टेकवायला लागला. घरात कोणी नसताना अर्थातच हे होत नाही. त्यासाठी पाणी शोषणारी जाड चटई, पण भांड्याखाली नाही, जायच्या वाटेवर. सगळे लोक भांड्याखाली चटई घालतात आणि मग चटई कुचकामी म्हणतात. भांडं अशा कोपऱ्यात ठेवा की बाहेर पडायला एकच वाट राहील. तुमच्याकडची वाट कोणती ते रद्दी अंथरून बघा, एका रात्रीचं काम आहे.

भांडं जड, बुडाला रुंद आणि निम्मंच भरलेलं असावं. काठोकाठ भरलं की पहिल्या चार लपक्यांत बाहेर. निम्मं भरायचं म्हणजे दिवसातून चार वेळा भरायचं, त्याला आळस करू नका. स्टीलचं घ्या. प्लास्टिकवर चरे पडतात आणि त्यात घाण बसते. धुवायचं रोज, नुसतं विसळून नव्हे तर घासून. आत बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतं तो जंतूंचा थर असतो.

तरंगत्या झाकणाचं भांडं मिळतं, मधल्या भोकातून थोडंथोडंच पाणी वर येतं. सांडणं खरंच कमी होतं. पण झाकणाखालची बाजू कोणी धूत नाही, आणि ढब्बूने आमचं झाकण दुसऱ्याच दिवशी बाहेर काढून चावलं. उंच स्टँडच्या मी विरोधात आहे, थेंब जेवढ्या उंचीवरून पडेल तेवढा लांब फुटतो. मान किंवा सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला मात्र स्टँडने आराम पडतो. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या जातींत पोट फुगून पीळ पडायचा धोका जास्त दिसला होता. तो खाण्याच्या भांड्याबद्दल होता, पाण्याच्या नाही, तरी छाती खोल असलेला मोठा कुत्रा असेल तर स्टँड घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हे आधी लिहायला हवं होतं, राहून गेलं: तुमचा कुत्रा पहिल्यापासून असाच सांडतो की हल्ली सांडायला लागलाय? हल्लीच असेल तर भांडी-चटया बाजूला ठेवा. दात किंवा हिरडी दुखत असेल, एका बाजूचा ओठ लुळा पडला असेल, तरी पाणी तोंडातून गळतं. प्यायल्यावर दर वेळी ठसका लागत असेल तर तेही दाखवून घ्या. आणि जास्त सांडतोय की जास्त पितोय, हे काट्यावर बघा. साधारण दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर ठीक समजतात, म्हणजे ढब्बूसाठी पावणेदोन लिटरच्या आसपास. ओलं खाणं असेल तर कमी, उकाड्यात जास्त. किलोमागे १०० च्या वर रोज जायला लागलं तर डॉक्टर गाठायचा. मूत्रपिंड, मधुमेह, आणि नसबंदी न केलेल्या मादीत माजानंतर काही आठवड्यांनी होणारा गर्भाशयाचा संसर्ग, या सगळ्यांत तहान वाढते. यातला शेवटचा जिवावर बेतू शकतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी तहान वाढते. अशा कुत्र्याचं रात्रीचं पाणी तोडणं म्हणजे काय, याचा विचारही मला करवत नाही. ढब्बू धडधाकट होता म्हणून ते चार महिने निभावले.

आणि पिल्लू असेल, पाण्यात पाय घालून खेळत असेल, तर वरचं सगळं सोडा. ते पिणं नाही, तो दंगा आहे. भिंतीला अडकवायचं भांडं घ्या आणि वर्षभर कळ काढा.

तुम्ही लिहिलंय की पाणी सकाळी 'भांड्यापासून बरंच लांब' सापडतं. सलग ओलं असेल, मध्ये कुठे थेंब नसतील, तर आधी फ्रिज ओढून बघा.