हाकेचं नाव

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेचं नाव 'तरंग' ठरलं, फार आवडलं. पण कमांड, म्हणजे ती चालवायला टाइप करायचा शब्द, आखूड करून 'टीआर' (tr) ठेवायची म्हणतोस, ते मला मुळीच पटलेलं नाही.

लिनक्स असो की मॅक, टीआर नावाची कमांड तिथे आधीपासून आहे. एका अक्षराच्या जागी दुसरं घालणं हे तिचं काम. तुझी फाइल देऊन कुणी टीआर चालवलं तर तीच जुनी धावून येईल आणि ऑपरंड, म्हणजे कमांडला द्यायची माहिती, कमी पडतोय अशी तक्रार करून थांबेल. पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या जागांच्या यादीत, तुझी पुढे बसली तर त्याहून वाईट. इतरांच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट जुन्या टीआरच्या भरवशावर लिहिलेल्या असतात. त्या भलत्याच जागी मोडतील आणि कुणाची तरी अख्खी रात्र कारण शोधण्यात जाईल.

शिकत असताना मी एका प्रोग्रॅमचं नाव 'टेस्ट' ठेवलं होतं. चालवला तर पडद्यावर काहीच नाही, एररसुद्धा नाही. दोन तास कोड वाचत बसलो. शेलची, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, स्वतःचीच टेस्ट कमांड असते, मुकाट्याने ती चालत होती. थोरामोठ्यांचंही असं झालंय. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात हौशी रेडिओवाल्यांच्या एका प्रोग्रॅमकडे 'नोड' हे नाव आधीच होतं, म्हणून २०१२ मध्ये तिथे नोड-जेएसची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) कमांड 'नोडजेएस' करावी लागली. पहिल्या ओळीत 'नोड' लिहिलेल्या स्क्रिप्ट मग तिथे अडू लागल्या.

भाषेचं नाव पाळण्यातलं, कमांड हे हाकेचं. हाकेचं नाव एकदा तोंडात बसलं की सुटत नाही. आपलं शहर १९७४ मध्ये अधिकृतपणे वडोदरा झालं, पण स्टेशनचा कोड अजून जुन्या 'बरोडा'वरचा बीआरसीच आहे ना? तुझी कमांडही लोकांच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम बांधायच्या सूचनांच्या फाइलमध्ये, अशीच जाऊन बसेल. त्या फाइली तुझ्या हातात नसतील. म्हणून पहिल्या परक्या माणसाने ती बसवून घेण्याआधी काय ते ठरव.

माझं मत सांगतो: सरळ 'तरंग'च ठेव. रोमनमध्ये सहा अक्षरं होतात, सगळी लहान लिपीत. पायथॉनचीही सहाच आहेत आणि जग ती रोज टाइप करतं. ज्याला आखूड हवं तो स्वतःपुरता एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, करून घेईल.

कंपाइल, फॉरमॅट, टेस्ट या कामांना वेगळ्या कमांड देऊ नकोस. 'गो' या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सुरुवातीला प्रोसेसरप्रमाणे '६जी', '८जी' असे निरनिराळे कंपाइलर होते. मार्च २०१२ च्या गो १ मध्ये 'गो' ही एकच कमांड आली, 'बिल्ड' नि 'रन' तिच्या मागे लावायचे. लक्षात ठेवायला एकच शब्द. तूही तसंच कर.

'प्रज्ञा' हे नाव सोडलंस ते मात्र फार बरं केलंस. त्याचं स्पेलिंग आपण मराठी माणसं डी-एन-वाय घालून करतो, शेजारचे गुजराती जी-एन लिहितात. फोनवर सांगताना दर वेळी अक्षरं फोडून सांगावी लागली असती. 'तरंग'चीही तीच परीक्षा घे. घरातल्या कुणाला तरी फोन कर, नुसतं नाव सांग आणि लिहून घ्यायला लाव. मग डेबियन आणि होमब्रू (मॅकवर प्रोग्रॅम बसवायचं साधन) यांच्या याद्यांत शोध. दोन्हीकडे मोकळं निघालं तर कळव, पहिल्यांदा माझ्याच लॅपटॉपवर बसवू.

तुझा,
काका