सौर ऊर्जेच्या मटेरियलवर संशोधन करणाऱ्या केमिस्टचं करिअर कसं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे की रसायनशास्त्र शिकलेल्याला सौर ऊर्जेच्या संशोधनात जागा आहे का, की ते भौतिकशास्त्र आणि इंजिनिअरिंगवाल्यांचंच क्षेत्र आहे. आणि असलीच जागा तर रोज काय करावं लागतं. पेरोव्स्काइट (एका ठरावीक स्फटिकरचनेचे पदार्थ) वापरून बनवलेल्या सौरघटांवर मी अकरा वर्षं काम करते आहे, त्यावरून सांगते.

जागा अगदी पहिल्यापासून आहे. १९५४ मध्ये बेल लॅब्जमध्ये सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट तयार झाला. तो बनवणाऱ्या तिघांपैकी कॅल्विन फुलर हे केमिस्ट होते. सिलिकॉनमध्ये अशुद्धी कशी आणि किती खोल मुरवायची, हे त्यांनी सोडवलं. तेव्हा कार्यक्षमता, म्हणजे सूर्यप्रकाशातल्या ऊर्जेपैकी विजेत बदलणारा भाग, सुमारे ६ टक्के होती. माझ्या विषयाची गोष्ट तर आणखी रासायनिक आहे. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका या केमिस्टच्या गटाने प्रकाश शोषायला रंगद्रव्य वापरणाऱ्या सौरघटात रंगद्रव्याऐवजी पेरोव्स्काइट वापरून ३.८ टक्क्यांचा घट बनवला, पण आतल्या द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये तो पदार्थच विरघळून जायचा. २०१२ च्या सुमारास द्रवाच्या जागी घन पदार्थ आला आणि चित्र पालटलं. आज प्रयोगशाळेतले छोटे घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत.

आता रोजचं काम. लेड आयोडाइड आणि मिथाइलअमोनियम किंवा फॉर्मामिडिनियम आयोडाइड डीएमएफ आणि डीएमएसओ या सॉल्व्हेंटच्या मिश्रणात विरघळवायचं, ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) गरगर फिरणाऱ्या काचेवर ते सोडायचं आणि नेमक्या सेकंदाला वरून क्लोरोबेन्झिन टाकायचं. मग काच हॉटप्लेटवर. डोळ्यांदेखत फिल्म काळी होते. जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन. इतक्या वर्षांनंतरही तो रंग बदलताना बघायला मला आवडतं. दमट हवा लागली की तीच फिल्म पिवळी पडते, कारण मागे लेड आयोडाइड उरतं. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत, १२.७ अंशांवर शिखर दिसलं की समजायचं, लेड आयोडाइड आहे. पेरोव्स्काइटचं शिखर १४.१ च्या आसपास येतं. ही दोन शिखरं मी इतक्या वेळा पाहिली आहेत की ग्राफवरचे आकडे वाचावे लागत नाहीत.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मात्र मी पार अडकले होते. महिनोन्महिने छान येणाऱ्या फिल्म अचानक खडबडीत यायला लागल्या, मध्येमध्ये भोकं. कृती तीच, हात तेच. आम्ही आर्द्रतेवर संशय घेतला, काच फिरवणारं यंत्र, म्हणजे स्पिन कोटर, तपासला, सॉल्व्हेंट बदललं. दीड महिना त्यात गेला. शेवटी लक्षात आलं की मी मिथाइलअमोनियम आयोडाइडची नवी बाटली उघडली होती, आणि ती जुनीपेक्षा जास्त शुद्ध होती! हे रासायनिक मीठ बनवताना लागणाऱ्या हायड्रोआयोडिक आम्लात आयोडीन सुटू नये म्हणून हायपोफॉस्फरस आम्ल घातलेलं असतं. जुन्या बाटलीत त्याचा अंश राहिला होता आणि तोच स्फटिक नीट वाढायला मदत करत होता. तेवढं मोजून परत घातलं आणि फिल्म सुधारली. अशा ठिकाणी केमिस्टच लागतो. घटाचा विद्युत ग्राफ नुसता बिघाड दाखवतो. बाटलीत काय उरलं असेल हे सुचायला ते मीठ कसं बनतं हे ठाऊक असावं लागतं.

म्हणून कार्यक्षमतेच्या विक्रमांकडे पाहून या विषयात येऊ नका. खरा प्रश्न टिकण्याचा आहे. सौर पॅनेलच्या ठरलेल्या चाचण्यांपैकी एकीत ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढावे लागतात. उष्णता, पाणी, प्रकाशात सरकणारे आयन हे सगळे आमचेच प्रश्न.

वाट लांब आहे, हे खरं. एमएस्सी, मग चार-पाच वर्षांची पीएचडी, बहुतेकांना एखादी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी. विद्यापीठातली कायमची जागा थोड्यांनाच मिळते. पण उद्योगातलं काम कमी दर्जाचं समजू नका. सिलिकॉन पॅनेलच्या कारखान्यात वेफरचा पृष्ठभाग अल्कलीने खरवडण्यापासून चांदीच्या पेस्टपर्यंत सगळीकडे रसायनशास्त्र आहे. पॅनेलच्या आतला ईव्हीए हा पॉलिमर ऊन आणि ओलाव्याने हळूहळू ॲसिटिक आम्ल सोडतो आणि ते आतले धातूचे जोड खातं. हे थांबवणं मला कुठल्याही विक्रमी घटाइतकंच मोलाचं वाटतं. जुन्या पॅनेलमधून चांदी आणि सिलिकॉन परत मिळवण्याचं कामही पुढे वाढत जाणार आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. शिसं आणि डीएमएफ दोन्ही प्रजनन आरोग्याला घातक आहेत, आणि डीएमएफ त्वचेतून आत जातं. डीएमएफला साध्या नायट्राइल हातमोज्यांचा भरवसा धरू नका. थेंब पडला की हातमोजा लगेच बदला. फ्यूम हूडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) बाटली उघडू नका, कितीही घाई असली तरी. यात हयगय करणाऱ्या लॅबमध्ये जाऊच नका.

आत्ता शिकत असाल तर समन्वय रसायनशास्त्र आणि घन अवस्थेचं रसायनशास्त्र मन लावून करा. सेमीकंडक्टरचं भौतिकशास्त्र नंतर शिकता येतं, मीही तसंच शिकले. आणि पीएचडीसाठी गट निवडताना तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा: तुमचा सर्वोत्तम घट किती टक्क्यांचा हे सांगितलंत, पण त्याच बॅचमधले बाकीचे घट कितीचे होते? जो वही उघडून सगळे आकडे दाखवेल, त्याच्या शेजारच्या टेबलावर जागा मागा.