ओळीमागचा दर आणि अनुभवाचे मोल

सप्रेम नमस्कार.

मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा, म्हणजे डॉक्टरांनी बोलून ध्वनिमुद्रित केलेले अहवाल ऐकून टाइप करण्याच्या कामाचा, अभ्यासक्रम संपताच तुम्हाला ओळीमागे मोबदला देणारे काम देऊ केले आहे, आणि तिथेच पाच वर्षे काम करणाऱ्या मावसबहिणीलाही तोच दर मिळतो, हे पाहून रास्त मोबदला कोणता असे तुम्ही विचारले आहे.

दराआधी मोजमाप पाहावे. या व्यवसायात ओळ म्हणजे बहुधा ६५ कॅरेक्टर (अक्षरे, अंक, चिन्हे). त्यात शब्दांमधल्या रिकाम्या जागा धरायच्या की नाही, हे मात्र करारागणिक बदलते. इंग्रजी मजकुराची ६५,००० कॅरेक्टरची फाइल जागा धरून १,००० ओळींची होते. जागा वगळल्या की तीच साडेआठशेच्या आसपास येते. म्हणजे दिसायला चढा असलेला दर हातात कमी पैसे देऊ शकतो.

नवख्या व्यक्तीला निव्वळ ओळींवर ठेवणे मला रास्त वाटत नाही. डॉक्टर ‘हायपोटेन्शन’ (कमी रक्तदाब) म्हणाले की ‘हायपरटेन्शन’ (उच्च रक्तदाब), हे ठरवण्यासाठी तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकण्यात वेळ जातो आणि त्या वेळेची एकही ओळ भरत नाही. म्हणून सुरुवातीचे काही महिने तरी ठरावीक वेतन असावे. वेग आणि अचूकता आल्यावर ओळीमागचा दर कामगाराच्या फायद्याचा ठरतो.

खरा अन्याय त्यापुढे होतो. अस्पष्ट उच्चारांचे डिक्टेशन, गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांचे अहवाल अशा अवघड फाइली जाणत्या हातांकडेच येतात, त्यामुळे त्यांचा वेग घटतो. तरीही दर तोच राहिला तर अनुभव तोट्यात जातो. त्यांना चढा दर किंवा तासाप्रमाणे मोबदला हवा, आणि इतरांचे काम तपासणाऱ्याला तर मासिक वेतनच हवे.

डॉक्टरांच्या बोलण्यावरून संगणकाने तयार केलेल्या मसुद्याच्या एडिटिंगला पुष्कळदा टायपिंगच्या निम्म्याच्या आसपास दर देतात. वेग दुप्पट झाला तरच हा हिशेब जमतो, आणि मसुदा गचाळ असेल तर तो कधीच जमत नाही.

होकार देण्यापूर्वी ओळीची व्याख्या, टायपिंग व एडिटिंगचे वेगळे दर आणि दरवाढीचा काळ लेखी मागा. मावसबहिणीने महिनाभर प्रत्येक फाइलचा प्रकार, ओळी आणि लागलेला वेळ, फाइलची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेसह, वहीत नोंदवावा आणि तासाला पडणारी कमाई दाखवूनच दरवाढ मागावी.