दहा दिवसांच्या प्रवासासाठी ७२ हप्ते?

टेक्ससमधल्या प्लेनोहून एका वाचकांनी विचारलं आहे: "आई-बाबा फेब्रुवारीअखेर नाशिकहून येतायत, जुलैपर्यंत राहतील. बाबांनी आयुष्यभर एसटी चालवली. त्यांना आता मी टेक्सस फिरवणार. मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत दहा दिवस, नऊ मुक्काम: ऑस्टिन, फ्रेडरिक्सबर्ग, सॅन अँटोनियो, बिग बेंड, ह्यूस्टन, गॅल्व्हेस्टन. आम्ही सहाजण, मुलं चार आणि सात वर्षांची. दोन्ही गाड्या सेडान आहेत, कर्ज फिटलेलं आहे. सगळे एका गाडीत बसावेत म्हणून नवी मिनीव्हॅन घ्यायचा विचार आहे. किंमत ४१,००० डॉलर, कर आणि इतर खर्च धरून ४४,०००. डाउन पेमेंट ६,०००, बाकी ३८,००० चं कर्ज ७.२ टक्क्यांनी ७२ महिने. विमा महिन्याला ९५ डॉलरने वाढेल. शिल्लक १४,००० आहे. घरभाडं, डेकेअर, नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ५,६००. शिल्लकीतलेच ४,२०० सहलीला बाजूला ठेवलेत. एच-१बी या वर्क व्हिसावर आहे. शिल्लक फार कमी होत असेल तर डाउन पेमेंट ४०१(के) या निवृत्तीच्या बचत खात्यातून कर्ज म्हणून उचलू का? गाडी घेऊ की भाड्याने आणू?"

नमस्कार,

गाडी भाड्याने आणा. आई-बाबा इथे असेपर्यंत नवी गाडी घेऊ नका. हे इतकं ठामपणे का सांगते आहे, ते तुमच्याच आकड्यांवरून दाखवते.

आधी हप्ता. ३८,००० डॉलरवर ७.२ टक्क्यांनी ७२ महिन्यांचा हप्ता ६५२ डॉलरच्या आसपास बसतो. सहा वर्षांत व्याजच ८,९०० जातं. तुम्ही म्हणाल, गाडी नंतरही कामी येईल, हप्त्यातला सगळा पैसा काही वाया जात नाही. बरोबर आहे, म्हणून मुद्दल बाजूला ठेवून फक्त न परतणारा खर्च मोजू. आई-बाबांच्या पाच महिन्यांत व्याज साधारण १,११५, वाढलेला विमा ४७५ आणि टेक्ससचा सव्वासहा टक्के वाहन विक्रीकर २,५६०. हे झाले ४,१५०. शोरूममधून बाहेर पडल्यावर गाडीची किंमत उतरते, ती यात धरलेलीच नाही. एवढ्या पैशांत या सहलीसाठी भाड्याची मिनीव्हॅन आणून वर उन्हाळ्यात आणखी दोन-तीन लांबलचक वीकएंड ती आणता येईल. एरवी गावातल्या गावात, देवळात किंवा ग्रोसरीला जायला दोन सेडान पुरतात. चौघं एकीत, दोघं दुसरीत.

पण मला खरी काळजी वाटते ती शिल्लकीची. १४,००० म्हणजे तुमचा अडीच महिन्यांचा खर्च. त्यातून डाउन पेमेंटचे ६,००० आणि सहलीचे ४,२०० गेले की हातात उरतात ३,८००. वीस दिवसांचं घर. एच-१बी वर नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा स्टेटस बदलायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे. ते साठ दिवस आई-बाबा घरात असताना आले तर? घरभाडं थांबत नाही, नाशिकचा हप्ता थांबत नाही आणि त्यात ६५२ चा नवा हप्ता. नाइलाजाने गाडी विकायला काढली तर पहिल्या वर्षात येणारे पैसे बहुधा कर्जापेक्षा कमी भरतात, आणि वरचा फरक खिशातून टाकावा लागतो. गेल्या काही वर्षांत असे फोन मला पुष्कळ आले आहेत. त्या फोनवरची माणसं उधळी नव्हती. तुमच्यासारखीच नीट हिशेब ठेवणारी होती. हप्ता पगारात बसतो का, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

४०१(के) मधून तर अजिबात उचलू नका. नोकरीत आहात तोवर ते कर्ज साधं वाटतं. नोकरी सुटली की उरलेली रक्कम त्या वर्षाच्या कर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही भरली तर ती उत्पन्नात धरली जाते आणि साडेएकोणसाठच्या आतल्या माणसाला वर १० टक्के दंड बसतो. म्हणजे ज्या महिन्यात पैशाची सर्वांत जास्त नड असेल, नेमकं तेव्हाच हे देणं पुढे येतं.

आता भाड्याच्या गाडीबद्दल. मिनीव्हॅनच घ्या, "सात सीटची" म्हणून जे मिळेल ते घेऊ नका. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला घेऊन निघाले होते. मिनीव्हॅनचं बुकिंग होतं, पण काउंटरवर "त्याच भाड्यात मोठी गाडी देतो" म्हणून उंच एसयूव्ही मिळाली. मुलांच्या सीट मधल्या रांगेत बांधलेल्या, त्यामुळे आई मागच्या रांगेत. ल्युलिंगच्या बकीज पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा ती एका हाताने वरचं हँडल आणि दुसऱ्या हाताने पदर धरून उलटी उतरत होती, आणि पाय जमिनीला पोचत नव्हता. शेवटी सामानातली प्लास्टिकची छोटी पेटी पायाखाली ठेवली. त्यानंतर तिने दिवसभर पाणी कमी प्यायलं, का तर सारखं उतरायला नको. संध्याकाळी डोकं धरून बसली तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. मिनीव्हॅनचा तळ खाली असतो, दार सरकतं, आणि मधल्या रांगेतून मागे जायला जागा असते. टेक्ससमध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला, उंची चार फूट नऊ इंचांपेक्षा कमी असेल तर, बाल-आसन बंधनकारक आहे. तुमची दोन्ही मुलं त्यात येतात. म्हणून मुलांच्या सीट मागच्या रांगेत बांधता येतात का ते आधीच विचारा. आई आणि सूनबाई मधल्या रांगेत, आणि बाबा पुढे तुमच्या शेजारी. ज्यांनी इतकी वर्षं स्टेअरिंग धरलं त्यांना रस्ता समोरून दिसायला हवा.

गाडी विमानतळावरून न घेता घराजवळच्या शाखेतून घ्या, विमानतळाचे वेगळे आकार वाचतात. तीस दिवसांपर्यंतच्या भाड्यावर राज्याचा १० टक्के कर लागतो, काही शहरांचा आणखी थोडा, तो धरूनच बजेट करा. निघण्याआधी तुमच्या सध्याच्या विमा एजंटला फोन करून विचारा की कोलिजन (टक्कर) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी वगैरे) संरक्षण भाड्याच्या गाडीला लागू होतं का आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, किती. बहुतेक पॉलिसींत लागू होतं. पण सेडानचं कर्ज फिटल्यावर तुम्ही ते काढून टाकलं असेल, तर भाड्याच्या गाडीलाही ते मिळणार नाही. अशा वेळी भाड्यासाठी संरक्षण देणारं क्रेडिट कार्ड वापरा किंवा काउंटरवरचं संरक्षण घ्या. टोलचंही बघा. भाड्याच्या कंपनीची टोल सेवा वापरली की वर सेवाशुल्क लागतं. तुमच्या टोलटॅग खात्यात त्या गाडीचा नंबर तात्पुरता घाला आणि गाडी परत केल्या दिवशी काढा.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही: आई-बाबांचा आरोग्य विमा. साठी-सत्तरीतल्या माणसाला इथे इमर्जन्सीत न्यावं लागलं, एक-दोन रात्री ठेवून घेतलं, तर तुमची सगळी शिल्लक जाईल असं बिल सहज येऊ शकतं. गाडीचे ७२ हप्ते तुम्ही इतके बारकाईने मोजलेत, ही ओळ मात्र राहिली. त्यांच्या संपूर्ण मुक्कामासाठी व्हिजिटर इन्शुरन्स घ्या, विमान सुटण्याआधी. त्यात दोन प्रकार असतात. फिक्स्ड बेनिफिट पॉलिसी स्वस्त दिसते, पण ती प्रत्येक तपासणीला, प्रत्येक दिवसाला ठरलेली रक्कमच देते आणि इथलं बिल त्याच्या कितीतरी पट असतं. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी महाग, पण डिडक्टिबलनंतर बिलाचा मोठा हिस्सा उचलते. हीच घ्या. बाबांना बीपी किंवा साखर असेल तर जुन्या आजाराबद्दलची कलमं नीट वाचा. नेहमीचे उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. जुना आजार अचानक उफाळला तर काही मर्यादेपर्यंत मिळतात, त्याला पॉलिसीत "अ‍ॅक्यूट ऑनसेट" म्हणतात. वय सत्तरच्या पुढे असेल तर ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी खाली येते. नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट नाशिकहूनच येऊ द्या.

याच कारणाने मी तुमच्या आराखड्यातून बिग बेंडचं राष्ट्रीय उद्यान काढायला सांगते आहे. ते सुंदर आहे, मला स्वतःला फार आवडतं. पण सॅन अँटोनियोहून तिथे जायला चारशेच्या आसपास मैल, तिथून ह्यूस्टनला सहाशे. आणि जवळचं हॉस्पिटल अल्पाइन गावात, उद्यानाच्या मुख्यालयापासून शंभरएक मैलांवर. दोन लहान मुलं आणि दोन वयस्कर माणसं घेऊन पहिल्याच लांब प्रवासात तिथे जाऊ नये. तुमची एकूण १,९०० मैलांची फेरी बिग बेंड वगळल्यावर १,१०० वर येते. पेट्रोलचे फार नाही वाचत, शंभरेक डॉलर वाचतात. वाचतात ते तीन मुक्काम.

बाबांना मोकळं आकाश दाखवायचं असेल तर फ्रेडरिक्सबर्गला दोन रात्री राहा. जवळचं एन्चांटेड रॉक हे २०१४ पासून आंतरराष्ट्रीय मान्यतेचं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान आहे. गुलाबी ग्रॅनाइटचा तो घुमट सव्वाचारशे फूट उंच आहे. आईंनी चढायचा हट्ट धरू नये, खालूनही तो छान दिसतो. प्रवेश माणशी आठ डॉलर, बारापर्यंतच्या मुलांना फुकट. गर्दी झाली की फाटक बंद करतात, म्हणून आगाऊ बुकिंग करा. शक्य असेल तर स्प्रिंग ब्रेकऐवजी एप्रिलचा पहिला आठवडा धरा. हॉटेलांचे दर थोडे उतरलेले असतात आणि हिल कंट्रीतल्या रस्त्यांच्या कडा ब्लूबॉनेटच्या निळ्या फुलांनी भरलेल्या असतात. पहिली-दुसरीतल्या मुलाची चार-पाच दिवसांची गैरहजेरी शिक्षकांशी बोलून जमते.

सॅन अँटोनियोत दोन रात्री. अलामो या ऐतिहासिक जागेच्या चर्चमध्ये प्रवेश फुकट, फक्त वेळ नोंदवावी लागते. रिव्हर वॉकवर संध्याकाळी नुसतं चालायलाही पैसे लागत नाहीत. मग ह्यूस्टनकडे: वाटेत स्टॅफर्डचं स्वामिनारायण मंदिर, मुलांसाठी स्पेस सेंटर, आणि दोन रात्री गॅल्व्हेस्टनला. तिथून बोलिव्हर द्वीपकल्पाच्या टोकाकडे जाणारी फेरी राज्याचं वाहतूक खातं चालवतं, गाडीसकट फुकट. गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहिलं की सीगल डोक्यावरून जातात, नशीब असेल तर डॉल्फिन दिसतात. सरकारी गाडी चालवलेल्या माणसाला ही सरकारी बोट नक्की आवडेल.

हॉटेलच्या भाड्यावरचा कर तुम्ही धरलेला दिसत नाही. सॅन अँटोनियो आणि ह्यूस्टनमध्ये तो १७ टक्क्यांच्या आसपास आहे. दीडशेची खोली पावणेदोनशेला पडते. दोन खोल्यांऐवजी स्वयंपाकघर असलेला दोन बेडरूमचा सूट बघा. कुकर आणि तांदूळ-डाळ गाडीत टाका. वरण-भात रोज एकदा झाला की आई-बाबांचं पोट ठीक राहतं आणि बाहेरचं एक जेवण वाचतं.

माझा हिशेब असा: सहा रात्रींचा सूट करासकट १,४७०, आठ दिवसांची गाडी ९००, पेट्रोल १४०, खाणं ६३०, तिकिटं २५०, टोल आणि पार्किंग १००. म्हणजे गाडीच्या भाड्यासकट साडेतीन हजारांच्या आत. तुमच्या ४,२०० मधले ७०० उरले, ते विम्याच्या प्रीमियमला. त्याहून जास्त लागले तरी द्या, तिथे हात आखडू नका.

शिल्लक ९,८०० वर येईल. आता नव्या गाडीचा हप्ता आणि वाढीव विमा मिळून महिन्याला ७४७ डॉलर द्यायची तुमची तयारी होतीच ना? तेच ७४७ मार्चपासून बचत खात्यात टाका. पाच महिन्यांत ३,७३५. आई-बाबा जुलैत परत जातील तेव्हा खात्यात साडेतेरा हजार असतील, आणि डोक्यावर कर्ज नसेल. शिल्लक सहा महिन्यांच्या खर्चाइतकी, म्हणजे ३३,००० च्या पुढे गेली आणि तेव्हाही मोठी गाडी हवीशी वाटली, तर दोन-तीन वर्षं वापरलेली मिनीव्हॅन बघा, जास्तीत जास्त ४८ महिन्यांच्या कर्जावर. त्यात एक सेडान बदल्यात द्या. टेक्ससमध्ये जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच कर लागतो.

या आठवड्यात तीन कामं करा: विमा एजंटला फोन, मिनीव्हॅनचं रद्द करता येणारं बुकिंग, आणि आई-बाबांच्या पॉलिसीचे दोन-तीन कोट. पैसे भरण्याआधी जुन्या आजाराचं कलम असलेलं पान मला पाठवा. बाबांची औषधांची यादीही सोबत जोडा, म्हणजे दोन्ही एकत्र बघता येतील.